भुलाबाईचा मांडव आणि भोपळ्याचा दिवा

पावसाची झड ओसरून उन्हाला सोनेरी रंग चढला, की वऱ्हाडातील मुलींच्या हातांना मातीची ओढ लागे. आमच्या तिवस्याला भाद्रपदी पौर्णिमेच्या आधीच कुणाच्या ना कुणाच्या परसात माती भिजत पडलेली असायची. तिच्यात थोडा पिंजलेला कापूस मळायचा, म्हणजे मूर्ती वाळताना तडकत नाही. हे शहाणपण कुणी शिकवले नव्हते. मोठ्या मुलींच्या हातांकडे पाहता पाहता ते आपल्या हातांत उतरे. मग भुलाबाई घडे, भुलोजी घडे, भुलाबाईच्या मांडीवर बाळ बसे आणि डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे लागत.

हे सारे आठवायला निमित्त झाले ते माझ्या नातीचे. 2024 सालच्या आश्विनात मी लेकीकडे अमेरिकेत होते. एके सायंकाळी नात दारातून ओरडतच आली, “आजी, यंदा हॅलोवीनला तू मला भोपळा कोरून देशील ना?” तिथल्या अंगणांतून प्लॅस्टिकचे सांगाडे लटकत होते, खोट्या थडग्यांतून हात वर आले होते. “भुताखेतांचा हा कसला सण!” असे अगदी ओठांवर आले होते. पण मी जन्मभर मास्तरीण. माहिती काढल्यावाचून मुलाला ‘नाही’ म्हणू नये, हा माझा जुना नियम.

हॅलोवीनचे मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंडकडचे. सुगी संपून हिवाळा लागण्याच्या संधीवर तिथले जुने केल्टिक लोक ‘सॉविन’ नावाचा सण पाळीत. त्या रात्री या जगातले आणि त्या जगातले दार किलकिले होते, अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती धर्माने 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि 2 नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरविला. त्याची आदली संध्याकाळ 31 ऑक्टोबरची. गोरगरीब घरोघर जाऊन मृतांसाठी प्रार्थना म्हणत आणि बदल्यात गोड पोळी घेत. मुले सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. 1845 नंतरच्या भीषण दुष्काळात आयरिश माणसे लाखांनी अमेरिकेत गेली. तिथे त्यांना सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा असा लाल भोपळा मिळाला. आपण वऱ्हाडात ज्याला कोहळे म्हणतो, ज्याची बोंडे तळतो, तेच ते फळ!

आता आपल्या भुलाबाईकडे पाहा. सारीपाटात हरलेला शंकर रुसून निघून गेला, तेव्हा पार्वतीने भिल्लिणीचे रूप घेऊन त्याला भुलविले, म्हणून ती भुलाबाई, अशी कथा आहे. भाद्रपदी पौर्णिमेला ती माहेरी येते आणि कोजागिरीला सासरी जाते. रुक्मिणीचे माहेर कौंडण्यपूर आमच्याच तालुक्यात, तेव्हा माहेराचे कौतुक आम्हांला कुणी सांगायला नको. हिचीच भावंडे खानदेशात गुलाबाई आणि देशावर भोंडला. महिनाभर मुली घरोघर जात, गाणी म्हणत, डबा हलवून आतली खिरापत ओळखीत आणि ओळखली की खात. या महिन्याचा पहिला पंधरवडा म्हणजे पितृपक्ष. मोठ्यांची शुभकार्ये बंद, कावळ्याला घास चाललेला. आणि त्याच सायंकाळी अंगणात पोरींची गाणी! मृतांचे स्मरण, हाती आलेली सुगी, दारोदार फिरणारी मुले आणि गाण्याच्या बदल्यात खाऊ. दोन समुद्रांपलीकडचे लोक आपल्याहून इतके निराळे नव्हते म्हणायचे!

तरी मनातली अढी पुरती सुटली नाही. आपण पितरांना पान वाढतो, हात जोडतो. हाडांचे सांगाडे टांगून हसणे मला रुचले नाही, आजही रुचत नाही. पण ही अढी माझी एकटीची नाही. अमेरिकेतल्या जुन्या प्युरिटन लोकांना हा सण मान्य नव्हता. आजही कित्येक चर्चमधून त्याच्या जागी सुगीचा मेळा भरवितात.

आणि आपले तरी सारे निर्मळ होते काय? आमच्या गल्लीतल्या मुली प्रत्येक अंगणात जात. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मुली मात्र आमच्या अंगणात आल्याचे मला आठवत नाही. आम्ही त्यांना बोलाविले नाही आणि का बोलावीत नाही, हेही कुणाला विचारले नाही. तिवस्याहून जवळच मोझरी आहे. तिथे 1935 साली तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज आश्रम उभारला. 1955 साली त्यांची ‘ग्रामगीता’ आली. खुळ्या रूढी जाव्यात, गाव एक व्हावे आणि गावचे कसब गावातच नांदावे, ही त्यांची शिकवण. म्हणजे सण आपला की परका, एवढे विचारून भागत नाही. तो माणसे जोडतो की तोडतो आणि हातांना काम देतो की नाही, हेही विचारावे लागते.

कोजागिरी 16 ऑक्टोबरला होती. भुलाबाईला त्या रात्री ज्वारीच्या धांड्यांचा मांडव लागतो. तिवस्याला मी अलीकडे धांड्यांसाठी वणवण केली आहे. 1990 नंतर शिवारात सोयाबीन पसरले आणि डोक्याइतकी उंच ज्वारी दिसेनाशी झाली. मूर्तीही बाजारातून रंगवलेल्याच येतात. अमेरिकेत धांडे कुठले मिळणार? पण नातीने मला बाजारात नेले. तिथे हॅलोवीनच्या सजावटीसाठी मक्याचे वाळलेले धांडे पेंढ्या बांधून विकायला ठेवले होते! ज्वारीचाच तो चुलतभाऊ. आम्ही एक पेंढी घेतली. नातीने मातीत कापूस मळला. तिची भुलाबाई थोडी तिरपी बसली, पण बसली.

31 ऑक्टोबरला आमची नरकचतुर्दशी होती. पहाटे नातीला उटणे लावून न्हाऊ घातले, सायंकाळी यमासाठी दक्षिणेकडे दिवा ठेवला आणि मग तिच्याबरोबर बसून भोपळा कोरला. विकतचा मुखवटा मात्र घेऊ दिला नाही. किराण्याच्या कागदी पिशवीचा घरीच केला. भोपळ्याचा गर वाया जाऊ द्यायचा नाही म्हणून गूळ घालून त्याची बोंडे तळली. दारी आलेल्या मुलांना ती दिली, तर पोरांनी दोन-दोनदा मागून खाल्ली.

त्या सणाशी माझी पुरती मैत्री झाली, असे मी म्हणणार नाही. पण परक्या सणाने आपला सण बुडतो, ही माझी समजूत गेली. तिवस्याची भुलाबाई काही हॅलोवीनने नेली नाही. ती आपल्या रिकाम्या हातांतून निसटली.

यंदा आमच्या शेजारच्या शेतकऱ्याला मी गळ घातली. त्याने सोयाबीनच्या धुऱ्याला ज्वारीची चार तासे पेरली. आणि या वेळी आमंत्रण गावाच्या दोन्ही टोकांना गेले. परवा नातीचा फोन आला. तिने पहिलेच विचारले, “आजी, धांडे मिळाले का?”

मिळाले, बाळ. मांडव पुरून चार उरले.