उमेदवारीचे मोल

ज्ञातीचा इतिहास म्हणजे केवळ कुळांच्या वंशावळी नव्हेत. ज्या धंद्यावर ती कुळे जगली त्या धंद्याचाही तो इतिहास होय. नाशिकच्या तांबट आळीत तांब्यापितळेवर हातोडा चालविणाऱ्या आपल्या पूर्वजांनी हा धंदा पुढील पिढीच्या हाती दिला. तो शिकणाऱ्या मुलाच्या पदरी काय पडले, याचा विचार आम्ही येथे योजिला आहे.

पूर्वी मुलगा प्रथम भाता ओढी, मग भांडे धरून बसे, आणि हात बसल्यावर मठाराचे काम त्याच्याकडे येई. शिकविणारा बहुधा पिता वा चुलता असल्यामुळे वेतनाचा प्रश्न उद्भवत नसे. मुलगा घरचे अन्न खाई आणि दुकानही पुढे त्याचेच होई. परंतु मुले परक्याच्या दुकानी जाऊ लागली तेव्हा ‘विद्या मिळते हेच वेतन’ हा घरचा न्याय तेथेही लावला गेला. ते दुकान मात्र त्यांचे होणार नव्हते. हा भेद सुज्ञांनी ध्यानी घ्यावा.

कंपनी सरकारने 1850 साली उमेदवारीचा कायदा केला. दहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलास पित्याने वा पालकाने कराराने फार तर सात वर्षे धन्याकडे बांधून द्यावे, अशी त्यात तरतूद होती. अनाथ व निर्धन मुलांना पोटापाण्याचा उद्योग मिळावा हा त्यातील हेतू चांगला होता. किमान वेतनाचा दर मात्र त्याने ठरविला नाही. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या किमान वेतन कायद्याने शिकाऊ उमेदवारांसाठी निराळे दर ठरविण्याची मुभा सरकारला दिली.

खरा पालट झाला तो 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने. तो 1962 साली अंमलात आला आणि 1850 चा कायदा रद्द झाला. नव्या कायद्याने उमेदवाराला कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानले. त्यामुळे त्याला मिळते ते वेतन नव्हे, विद्यावेतन होय. पण ते ठरविलेल्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही, आणि नगावर मोजूनही देता येत नाही. अधिक नग काढण्याच्या घाईत विद्या मागे पडू नये, हे त्यातील मर्म होय. त्याच दशकात सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, ओझरला 1964 साली विमानांचा कारखाना आला, आणि नाशिकच्या मुलांना फिटर, टर्नर, वेल्डर होण्याची वाट खुली झाली.

दरांची पद्धत पुढे अनेकदा बदलली. 2014 च्या दुरुस्तीनंतर विद्यावेतन अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाशी जोडले गेले : पहिल्या वर्षी 70 टक्के, दुसऱ्या वर्षी 80 आणि त्यापुढे 90 टक्के. 2019 च्या नियमांनी ठोक रकमा ठरविल्या. पाचवी ते नववी उत्तीर्ण मुलास दरमहा 5,000 रुपये, दहावी उत्तीर्णास 6,000, आयटीआयचे प्रमाणपत्र असणाऱ्यास 7,000 आणि पदवीधरास 9,000. दुसऱ्या वर्षी 10 टक्के व तिसऱ्या वर्षी 15 टक्के वाढही त्यात होती. 2025 च्या मे महिन्यात केंद्रीय शिकाऊ परिषदेने या रकमा 36 टक्क्यांनी वाढविण्याची शिफारस केली.

एवढे असूनही एक उणीव राहते. 2019 च्या नियमांप्रमाणे तीस वा अधिक माणसांच्या आस्थापनेवर उमेदवार घेण्याची सक्ती आहे, चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे, आणि त्याहून लहान दुकान कक्षेतच येत नाही. म्हणजे ज्या भट्टीवर आपला धंदा वाढला, तेथे शिकणारा मुलगाच कायद्याबाहेर राहिला.

म्हणून ज्ञातिबांधवांना आमचे दोन शब्द सांगणे आहे. ज्यांची मुले कारखान्यात उमेदवारीस जातात, त्यांनी करार लेखी करून नोंदवून घ्यावा, त्यातील रक्कम स्वतः वाचावी आणि मगच सही करावी. आणि ज्यांच्या दुकानी परक्याचा मुलगा भाता ओढतो, त्यांनी महिनाअखेर त्याच्या हाती ठरलेली रक्कम ठेवावी. कायदा तेथवर पोहोचत नसला तरी हात शिकण्याआधीही त्या मुलाला पोट आहे, हे आपल्याला कोणी सांगावयास नको.