मानसिक विकारांवरील मेंदू-शस्त्रक्रिया आणि रुग्णसंमती : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव केदारेश्वर मंदिरामुळे अभ्यासकांना परिचित आहे. तथापि स्थानिक इतिहास केवळ मंदिरे व किल्ल्यांपुरता मर्यादित नसतो. समाजाने मनोरुग्णांना कसे वागविले, हाही इतिहासाचाच विषय होय. प्रस्तुत लेखात मेंदू-शस्त्रक्रिया व रुग्णसंमती यांच्या संबंधाचा विचार केला आहे.

छेदनाकडून उद्दीपनाकडे :
1935 मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी मेंदूच्या पुढील भागातील तंतू छेदण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. 1949 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात बंगलोर येथे गोविंदस्वामी व बालकृष्ण राव यांनी ही शस्त्रक्रिया केली व 1944 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. छेदलेले तंतू पुन्हा जुळत नसत. 1950 नंतर औषधे आली आणि ही पद्धत मागे पडली.

1987 मध्ये फ्रान्समधील बेनाबिद यांनी कंपावर डीप ब्रेन स्टिम्युलेशनचा वापर केला. यात मेंदूच्या खोल भागात बारीक तारा बसवून छातीच्या त्वचेखालील यंत्राद्वारे विद्युत स्पंदने दिली जातात. प्रवाह कमी-अधिक करता येतो, बंदही करता येतो. मात्र रक्तस्राव व जंतुसंसर्गाचा धोका राहतो. 1999 मध्ये बेल्जियममधील नटिन यांनी मंत्रचळावर हा उपचार केला. 2005 मध्ये मेबर्ग यांनी तीव्र नैराश्याच्या सहा रुग्णांवर तो केला असता चौघांना लाभ झाला. परंतु 2015 व 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत प्रत्यक्ष व आभासी उद्दीपनात लक्षणीय फरक आढळला नाही. महाराष्ट्रात मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी कंपवाताबरोबरच निवडक मानसिक विकारांसाठीही हा उपचार केला आहे.

कायदा आणि संमती :
1912 च्या कायद्याचा भर रुग्णाच्या संमतीपेक्षा त्याला ताब्यात ठेवण्यावर होता. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 96 नुसार मानसिक आजारावरील मेंदू-शस्त्रक्रियेस रुग्णाची माहितीपूर्ण संमती व संबंधित मंडळाची मान्यता या दोन्ही बाबी आवश्यक ठरल्या.

मराठवाड्याचा संदर्भ :
नागपूर, रत्नागिरी, ठाणे व येरवडा ही राज्यातील चार जुनी मनोरुग्णालये ब्रिटिश अमलाखालील प्रदेशात उभी राहिली. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता; त्यामुळे या संस्थांच्या जाळ्याबाहेर राहिला. धर्मापुरीच्या रुग्णास आजही अतिविशेष उपचारांसाठी मोठे शहर गाठावे लागते. जिथे साधे निदानच दूर, तिथे 'माहितीपूर्ण' संमती कशी घडावी, हा खरा प्रश्न आहे.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा केवळ यंत्राचा नाही, तर रुग्णाला नकाराचा अधिकार मिळण्याचा आहे. तो अधिकार ग्रामीण रुग्णापर्यंत पोहोचावयाचा असेल, तर उपचारांची माहिती त्याच्या भाषेत आणि तालुक्याच्या पातळीवर उपलब्ध होणे गरजेचे आहे.