जीपीएस रिसीव्हर : सेकंद अचूक, तारीख मात्र जुनी

जुना जीपीएस रिसीव्हर वापरून हौशी इलेक्ट्रॉनिक्सप्रेमी घरच्या घरी अचूक घड्याळ तयार करतात. मात्र त्यावर कधी कधी सुमारे वीस वर्षांपूर्वीची तारीख उमटते. तेवढ्यावरून रिसीव्हर निकामी ठरवू नये.

जीपीएसची कालगणना ६ जानेवारी १९८० पासून सुरू होते. मूळ संदेशात आठवड्याच्या क्रमांकासाठी १० बिटच आहेत. त्यामुळे १०२४ आठवड्यांनी, म्हणजेच ७,१६८ दिवसांनी, मोजणी पुन्हा शून्यावर येते. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये असे घडले. पुढची वेळ नोव्हेंबर २०३८ मध्ये येईल.

सध्या कितवे आवर्तन सुरू आहे, हे रिसीव्हरमधील प्रोग्रॅमला ठरवावे लागते. त्याची मर्यादा संपली की तारीख मागे जाते. ही मर्यादा प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते. हौशी मंडळींच्या आवडत्या ट्रिम्बल थंडरबोल्टने ३० जुलै २०१७ रोजी १४ डिसेंबर १९९७ ही तारीख दाखवली.

दर सेकंदाला मिळणारा विद्युत स्पंद सहसा अचूकच राहतो. त्यामुळे क्वार्ट्झ ऑसिलेटरच्या नियंत्रणासाठी तो वापरता येतो. तारखेत ७,१६८ दिवस मिळवण्याचे काम घड्याळाच्या मायक्रोकंट्रोलरवर सोपवावे.