इलेक्ट्रॉन-ग्रहण अभिज्ञातक

पर्यावरणातील अत्यल्प प्रदूषके ओळखणारे वायुवर्णलेखनातील साधन. ते ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ मध्ये तयार केले. यात किरणोत्सर्गी द्रव्यातून निघणाऱ्या कणांमुळे वाहक वायूत मुक्त इलेक्ट्रॉन निर्माण होऊन सूक्ष्म विद्युत् प्रवाह वाहतो. क्लोरीनयुक्त रेणू हे इलेक्ट्रॉन ग्रहण करतात. प्रवाहातील घटीवरून त्यांचे प्रमाण काढतात. डीडीटीसारख्या कीटकनाशकांचे सूक्ष्म अवशेष यामुळे मोजता आले. १९७१–७२ मध्ये ‘शॅकल्टन’ जहाजावरील प्रवासात लव्हलॉक यांना अटलांटिक महासागरावरील हवेत सर्वत्र क्लोरोफ्ल्युओरोकार्बन संयुग आढळले. प्रमाण अत्यल्प असल्याने त्यांनी ते निरुपद्रवी मानले. परंतु अशा संयुगांमुळे ओझोन थराचा ऱ्हास संभवतो, असे मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखविले. पुढे माँट्रिऑल करारान्वये (१९८७) त्यांच्या उत्पादनावर निर्बंध आले.