तपोदा : राजगृहाचे उष्ण झरे आणि प्रवाशाचे स्नान

भिक्षूने पंधरवड्याच्या आत पुन्हा स्नान करू नये, असा पालि पातिमोक्खाच्या पाचित्तिय विभागातील सत्तावन्नावा नियम आहे. नियम एका वाक्याचा. परंतु त्याच्या मागे जोडलेली कथा आणि पुढे जोडत गेलेले अपवाद यांचा विस्तार मोठा आहे. बौद्ध संघाच्या इतिहासात या नियमाकडे बहुधा शरीरसुखाविषयीच्या विरक्तीचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. हे मत तपासून पाहण्याजोगे आहे. कथेचे स्थळ राजगृहाचा उष्ण झरा असून तेथे उद्भवलेला प्रश्न सुखाचा नाही, सार्वजनिक पाण्यावरील पाळीचा आहे. आणि पुढील अपवादांत वाटेवर असलेल्या माणसाला स्वतंत्र जागा मिळाली आहे.

सुत्तविभंगातील कथा अशी. मगधाचा राजा बिंबिसार डोक्यावरून स्नान करावे म्हणून तपोदा नावाच्या झऱ्यावर गेला. तेथे भिक्षू स्नान करीत होते. त्यांचे आटोपेपर्यंत थांबावे, असे ठरवून तो एका बाजूस उभा राहिला. भिक्षू अंधार पडेपर्यंत पाण्यात राहिले. राजाचे स्नान अवेळी झाले, तोवर नगराचे दार बंद झाले, आणि मगधाधिपतीला रात्र नगराबाहेर काढावी लागली. पहाटे तो तसाच बुद्धांच्या भेटीस आला. त्याच्या अंगावरील उटीही मोडलेली नव्हती. इतक्या सकाळी, अंगावर उटी असताना येण्याचे कारण बुद्धांनी विचारले तेव्हा त्याने घडले ते सांगितले. त्याने तक्रार केली असे मात्र ग्रंथकार म्हणत नाही. बुद्धांनी भिक्षूंना दोष दिला तो राजाला पाहूनही प्रमाण न राखता स्नान करीत राहिल्याबद्दल. आणि पंधरवड्याचा नियम घातला.

ही कथा जशीच्या तशी बिंबिसाराच्या काळातील वृत्तांत म्हणून स्वीकारता येत नाही. पातिमोक्खातील नियम जुने आणि त्यांच्या उत्पत्तीच्या कथा नंतर रचलेल्या, असे विनयाच्या अभ्यासकांचे सर्वसाधारण मत आहे. प्रस्तुत नियमाच्या शब्दांत तपोदेचे नाव नाही, राजाचेही नाही. पण त्यामुळे कथेचे मूल्य नाहीसे होत नाही. कथा रचणाऱ्यांना स्नानाचा वाद कोठे उद्भवणे स्वाभाविक वाटले, हे तिच्यावरून कळते. त्यांच्यासमोर नदी होती, पुष्करिणी होत्या, विहिरी होत्या. त्यांनी उष्ण झरा निवडला. थंडीच्या दिवसांत माणूस नदीतून लवकर बाहेर येतो, ऊन पाण्यातून येत नाही, इतकी साधी गोष्ट त्यामागे असू शकेल.

कथेतील भूगोल प्रत्यक्षाशी जुळतो, ही त्याहून महत्त्वाची बाब होय. जुने राजगृह, म्हणजेच गिरिव्रज, टेकड्यांच्या कड्यात वसलेले होते. उत्तरेकडे वैभार व विपुल या दोन टेकड्यांमध्ये खिंड आहे. तेथूनच नगरात शिरण्याचा उत्तरेचा मार्ग होता. झरे याच खिंडीत, दोन्ही टेकड्यांच्या पायथ्याशी आहेत, आणि सरस्वती नावाचा ओढा त्यांच्या मधून वाहतो. खिंडीच्या उत्तरेस पुढे नवे राजगृह उभे राहिले. त्याच्या उभारणीचे श्रेय ह्युएन त्संगने नोंदविलेल्या परंपरांत कधी बिंबिसाराला तर कधी अजातशत्रूला दिले आहे. म्हणजे कोणतेही नगर धरले तरी झरे तटाबाहेरच पडतात. दार मिटल्यावर ज्याला आत जाता येत नाही, त्याला राजा असूनही वाटसरूसारखीच रात्र काढावी लागते. तपोदेचे पाणी वाटेवरचे होते. नगरवासी, परिव्राजक, वेगवेगळ्या पंथांचे श्रमण तेथे एकत्र येत. पहाटे अंग धुऊन एका वस्त्रानिशी अंग सुकवीत उभा असलेला समिद्धी हा भिक्षू निकायांत एकाहून अधिक ठिकाणी आढळतो. आणि आनंदाची कोकनुद नावाच्या परिव्राजकाशी गाठ तपोदेवरच पडते.

आता अपवादांकडे वळावे. नियम घातल्यावर त्याला एकामागून एक सहा मुरडी घालाव्या लागल्या, असे सुत्तविभंग सांगतो. उन्हाळ्याचा शेवटचा दीड महिना व पावसाळ्याचा पहिला महिना, असे अडीच महिने वगळले. कारण भिक्षू घामेजल्या अंगाने झोपू लागले आणि चीवरे व अंथरुणे मळू लागली. या अडीच महिन्यांतील दोन काळ स्वतंत्र मोजले आहेत, एक उष्म्याचा व दुसरा दाहाचा. त्यानंतर आजारी भिक्षू वगळला. काम केलेला भिक्षू वगळला, आणि काम म्हणजे काय तर निदान परिवेणाचे अंगण झाडलेले असले तरी पुरे. धुळीचा वारा लागला व अंगावर पावसाचे दोन-तीन थेंब पडले तरी स्नानास मोकळीक मिळाली. इतकी बारीक मोजणी करणाऱ्या शास्त्रकारांच्या मनात स्नानाविषयी तिटकारा होता, असे म्हणणे कठीण आहे.

प्रवासाचा अपवाद यांत सर्वांत सैल आहे. अर्धे योजन जायचे असेल तर निघण्यापूर्वी स्नान करावे, चालत असताना करावे, पोहोचल्यावरही करावे. तिन्हींस मुभा आहे. योजनाच्या मापाविषयी एकमत नाही, तरी अर्धे योजन म्हणजे पाच-सहा किलोमीटरांच्या आसपासचे अंतर धरण्यास हरकत नाही. वर्षावासाचे महिने सोडले तर चारिका करणाऱ्या भिक्षूला हे अंतर बहुतेक रोजचेच. शिवाय नदी उतरून पलीकडे जाताना झालेले स्नान दोषास्पद नाही, असे अनापत्तीच्या यादीत वेगळे सांगितले आहे. परिणामी हा नियम फिरत्या भिक्षूला जवळजवळ लागूच होत नाही. तो लागू होतो तो मुख्यतः विहारात स्थिर झालेल्या, आणि एखाद्या मोठ्या नगराच्या पाण्यावर दररोज जाऊ शकणाऱ्या भिक्षूला. वैराग्याचा नियम असता तर त्याने सुखी प्रवाशाला आधी पकडले असते. पाणवठ्यावरील गर्दी आटोक्यात ठेवणारा नियम मात्र असाच असावयास हवा.

याच यादीत आणखी एक कलम आहे : सर्व प्रत्यंत जनपदांत हा नियम नाही. त्याचा उगम महावग्गाच्या चम्मक्खंधकात मिळतो. अवंतीत राहणाऱ्या महाकच्चायनांनी आपला शिष्य सोण कुटिकण्ण याच्याकरवी बुद्धांना जी मागणी पाठविली, तीत अवंति-दक्षिणापथातील लोक स्नानाला फार महत्त्व देतात, पाण्याने शुद्धी मानतात, असे कारण देऊन नित्यस्नानाची अनुज्ञा मागितली होती. ती मिळाली. प्रत्यंत म्हणजे कोठपर्यंत, हे सांगताना पूर्वेस कजंगल, आग्नेयेस सल्लवती नदी, दक्षिणेस सेतकण्णिक, पश्चिमेस थूण नावाचे ब्राह्मणग्राम व उत्तरेस उसीरद्धज पर्वत या मर्यादा दिल्या आहेत. विंध्याच्या दोन्ही अंगांच्या प्रदेशातील लोकाचाराविषयी इतकी स्पष्ट नोंद प्राचीन वाङ्मयात विरळा. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी तिची घ्यावी तितकी दखल घेतलेली नाही. मगधातील एका झऱ्यावरील गर्दीसाठी केलेला नियम दक्षिणेच्या वाटेवर टिकला नाही, कारण तेथे न नाहणारा साधू लोकांना शुद्ध वाटला नसता.

पाणी ऊन का, या प्रश्नाचाही विचार त्या काळी झालेला आहे, आणि तो वादाच्या स्वरूपात झालेला आहे. विनयाच्या पाराजिक प्रकरणात मोग्गल्लान म्हणतात की, तपोदा ज्या डोहातून निघते त्याचे पाणी स्वच्छ व थंड आहे, त्यात मासे व कासवे आहेत, चाकाएवढी कमळे फुलतात. ऐकणारे भिक्षू संतापतात, कारण तपोदा तर उकळत वाहताना दिसते. ती दोन महानिरयांच्या मधून येते म्हणून तापते, असे सांगून बुद्ध मोग्गल्लानांचे बोलणे खरे ठरवितात. जैनांच्या भगवतीसूत्रात हाच विषय दुसऱ्या बाजूने येतो. वैभाराच्या खाली अनेक योजने पसरलेला मोठा डोह आहे, त्यात मेघ जमून वर्षतात आणि जास्तीचे पाणी ऊन होऊन सतत बाहेर पडते, असे अन्यतीर्थिकांचे मत गौतम सांगतात. महावीर ते खोडून काढतात : तेथे पाचशे धनुष्ये विस्ताराचा ‘महातवोवतीरप्पभव’ नावाचा झरा आहे, आणि उष्णयोनीचे जीव व पुद्गल पाणीरूपाने त्यात येत-जात असतात. हे अन्यतीर्थिक म्हणजे बौद्धच होत, असे ठरविण्यास पुरावा पुरेसा नाही, कारण निरयांचा उल्लेख तेथे नाही. मात्र भूमिगत डोहाची कल्पना राजगृहात सर्वतोमुखी होती आणि दोन्ही पंथांना तिची दखल घ्यावी लागली, एवढे निश्चित. आजच्या भूविज्ञानानुसार पावसाचे पाणी टेकड्यांतील भेगांवाटे खोल मुरते, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने तापते व प्रस्तरभंगांच्या वाटेने वर येते. ज्वालामुखीचा येथे संबंध नाही. खोडून काढलेले मतच त्यातल्या त्यात याच्या जवळचे ठरावे, ही मौजेची गोष्ट आहे. प्रमुख कुंडांतील पाणी सुमारे ४२ ते ४५ अंश सेल्सियस असते. तेव्हा ‘उकळत वाहणारी’ ही अतिशयोक्ती आहे. उकळत्या पाण्यात कोणी अंधार पडेपर्यंत बसत नाही.

येथवरच्या साक्षींत एक गोष्ट आढळत नाही : रोगनिवारणासाठी कोणी तपोदेवर आल्याचे त्या सांगत नाहीत. राजा केस धुण्यास येतो, भिक्षू अंग धुण्यास. उष्णतेचा औषधी उपयोग विनयाला ठाऊक होता. चुल्लवग्गात जीवक कोमारभच्च भिक्षूंच्या आरोग्यासाठी चंक्रमण व जंताघर, म्हणजे अग्नी पेटवून तापविलेले स्नानगृह, सुचवितो. जीवक राजगृहाचा वैद्य. तरीही तो तपोदेचे नाव घेत नाही. प्रसंग वैशालीचा आहे आणि वैशालीस उष्ण झरे नाहीत, हे लक्षात घेता या मौनावर फार भार टाकू नये. तथापि चित्र पुढे बदलले, यात शंका नाही. महाभारताच्या आरण्यकपर्वातील तीर्थयात्रेत, पुण्याच्या भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केलेल्या चिकित्सित आवृत्तीच्या पाठानुसार, राजगृही तपोदांना स्पर्श करणारा यात्रिक काक्षीवानासारखा आनंद पावतो. झऱ्याचे अनेकवचन झाले आहे आणि स्नानाचे फळ पुण्यात मोजले जात आहे.

इसवी सनाच्या सातव्या शतकात ह्युएन त्संग येथे आला तेव्हा आणखी एक पायरी ओलांडली गेली होती. पूर्वी पाचशे झरे होते, आता काही दशके उरले आहेत, असे त्याला सांगण्यात आले. पाणी हिमालयातील अनवतप्त सरोवरातून भूमीखालून येते व पाचशे लहान निरयांवरून जाताना तापते, अशी कथा त्याने नोंदविली. विनयातले दोन निरय एव्हाना पाचशे झाले होते. झऱ्यांच्या मुखांशी सिंहाची व श्वेत हत्तीची शिल्पित मस्तके होती आणि खाली दगडी कुंडे बांधलेली होती. दूरदूरच्या देशांचे लोक तेथे स्नानास येत व जुनाट व्याधी असलेले पुष्कळदा बरे होत. नगरवासीयांचा व भिक्षूंचा पाणवठा आता परदेशस्थ रोग्यांचे गंतव्यस्थान झाला होता. प्रवासी वाटेत झऱ्यावर थांबत असे. आता झऱ्यासाठी प्रवास होऊ लागला.

त्यानंतरच्या शतकांत बौद्ध विहार ओस पडले, झरे ओस पडले नाहीत. विपुलाच्या पायथ्याशी ज्या कुंडास शृंगीऋषीचे नाव होते, तेच चौदाव्या शतकातील सूफी संत मखदूम शरफुद्दीन याह्या मनेरी यांच्या वास्तव्यामुळे मखदूमकुंड म्हणून ओळखले जाऊ लागले. ओढ्यापलीकडे वैभाराखाली सातधारा व ब्रह्मकुंड हिंदू यात्रिकांकडे राहिले, आणि दर तीन वर्षांनी येणाऱ्या अधिक महिन्यात तेथे मलमासाची जत्रा भरते. दिवसभर लोटणाऱ्या त्या गर्दीत कुंडावर पाळी लागते आणि मागचा माणूस पुढच्याचे स्नान आटोपेपर्यंत काठावर उभा राहतो.