कोकणात डॉल्फिन बघायला जाताय? बोटीत बसण्याआधी हे वाचा

बुलढाणा : कापूस, सोयाबीन घरात आलं की जिल्ह्यातून कोकण सहलीच्या गाड्या निघतात. मालवण, तारकर्ली, दापोलीजवळचं मुरुड-हर्णै, गुहागर या भागात डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी चालतात. पण आपल्याकडच्या बहुतेकांना पाणी माहीत ते विहिरीचं नाही तर खडकपूर्णा, नळगंगा धरणाचं. समुद्राची गोष्ट वेगळी. म्हणून ही माहिती.

काय दिसतं?
डॉल्फिन हा मासा नाही. तो आपल्यासारखा फुफ्फुसानं श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. श्वासासाठी त्याला सारखं वर यावंच लागतं, तेव्हाच तो दिसतो. कोकण किनाऱ्याला जास्त करून पाठीवर कुबड असलेला करडा डॉल्फिन दिसतो. सात-आठ फूट लांबीचा हा प्राणी उथळ पाण्यात, किनाऱ्याजवळच राहतो. सिनेमातल्यासारख्या उंच उड्या तो क्वचितच मारतो. बहुतेक वेळा पाठ आणि पर दिसतो, अन् गायब. कधी कधी काहीच दिसत नाही. त्यात बोटवाल्याची फसवणूक नसते, ते जंगली जनावर आहे. सोबत थंडीत आलेले कुरव पक्षी आणि पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुडही दिसू शकतो.

कधी, कसं जायचं?
ऑक्टोबर ते मे हा काळ चांगला. पावसाळ्यात पर्यटनाच्या बोटी बंद असतात. सकाळी लवकर निघा, दुपारनंतर वारा वाढतो अन् लाटाही. मलकापूर, नांदुरा किंवा शेगाववरून रेल्वेनं मुंबईकडं आणि तिथून कोकण रेल्वेनं जाता येतं. मालवणसाठी कुडाळला, दापोलीसाठी खेडला उतरावं लागतं.

जीव आधी
२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली. दोन पर्यटकांचा जीव गेला. त्यामुळं बसण्याआधी एवढं बघाच :

- लाईफ जॅकेट प्रत्येकाला हवं. मांडीवर ठेवायचं नाही, अंगात घालून सगळे पट्टे आवळायचे. लेकरांना त्यांच्या मापाचं मागा. मोठ्यांचं जॅकेट त्यांच्या अंगातून निसटतं.
- बोटीला परवाना आहे का, माणसं किती बसवता येतात, हे विचारा. जास्त माणसं भरली तर उतरून दुसरी बोट घ्या. दिलेल्या पैशाकडं बघू नका.
- डॉल्फिन दिसला की सगळे एका बाजूला धावतात, बोट तिकडं कलते. जागेवरच बसा. सेल्फीसाठी कडेला उभं राहू नका.
- मळमळीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्या. हलकं खा, बोटीच्या मध्यभागी बसा, नजर दूर ठेवा.
- अडचणीत तटरक्षक दलाचा १५५४ किंवा ११२ नंबर लावा. मोबाईल चार्ज करून प्लास्टिक पिशवीत ठेवा.

डॉल्फिनचाही जीव
‘अजून जवळ घे, वरून शंभर देतो’ असं बोटवाल्याला म्हणू नका. डॉल्फिन आवाजावरूनच मासे शोधतो आणि एकमेकांना ओळखतो. मागं लागलेल्या इंजिनाच्या आवाजानं तो बिथरतो, माय-पिल्लाची ताटातूट होऊ शकते. बोट लांब, हळू ठेवायला सांगा. थांबून राहिलं तर ते कधी कधी स्वतःच जवळ येतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार डॉल्फिनला पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण आहे. त्याला त्रास देणं गुन्हा आहे. मालवणचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

गुटख्याची पुडी, चिप्सचं पाकीट समुद्रात टाकू नका. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते. तो ती गिळतो आणि मरतो.

डॉल्फिन नाही दिसला तर पुढच्या वर्षी परत जाता येतं. पण त्यासाठी बोटीत बसलेली सगळी माणसं घरी परत यायला पाहिजेत.