कैद्याचं पत्र

पॅरिसजवळच्या बिसेत्र तुरुंगातून कैदी श्रीमंतांना पत्रं धाडायचे: मी एका सरदाराचा नोकर, क्रांतीच्या धामधुमीत पळताना धन्याची हिऱ्यांची पेटी तळ्यात टाकली, ती काढायला थोडे पैसे पाठवा. गुन्हेगारीतून पोलिसात गेलेल्या विदॉकनं १८२८ साली छापलेल्या आठवणींत लिहिलंय, शंभरांतल्या वीस पत्रांना उत्तर यायचंच. पुढं हाच डाव ‘स्पॅनिश कैदी’ म्हणून गाजला. १८९८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं सावध केलं, तरी तो थेट ईमेलपर्यंत पोचला.

सावध करणारे लोभाचंच बोलतात. आपल्या चार कषायांतही माया, म्हणजे कपट, लोभाच्या शेजारीच बसलीय. पण स्पॅनिश पत्रात कैद्याची एकटी पडलेली लेक असायची. वाचणाऱ्याला वाटे, आपण दया करतोय. मग ‘लोभी फसतात’ ही सूचना त्याला दुसऱ्या कुणासाठीचीच वाटणार की! शिवाय अट असे, कुणाला सांगू नका. म्हणजे घरातल्या बाईला विचारायचंच नाही.

२०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी विचारलं, ही ईमेलं इतकी अचाट का असतात? तर शंका घेणाऱ्यानं पहिल्याच ओळीला हसून सोडून द्यावं म्हणून. उरेल तोच त्यांच्या कामाचा.